कोपरा कापलेल्या चिठ्ठ्या

आमच्या कोशाचं कार्यालय हॅलिफॅक्समध्ये, बी-बियाणं विकणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. जिन्यात कायम सलगमाच्या बियांचा आणि ओल्या गोणपाटाचा वास असायचा. वर तीन खोल्या होत्या आणि भिंतीभर लाकडी खण. खणांत चिठ्ठ्या होत्या, साधारण चार लाख.

कोश बोलीतल्या आणि गुन्हेगारांच्या तोंडच्या इंग्रजी शब्दांचा होता. पहिला खंड निघून दोन वर्षं झाली होती आणि छापखान्यात दुसऱ्याची पानं जुळवायला सुरुवात झाली होती. माझ्याकडे फसवणुकीचा विभाग होता. ठकवणं, गंडवणं, टोपी घालणं, डोळ्यांत धूळ फेकणं या सगळ्यासाठी त्या लोकांनी गेल्या चारशे वर्षांत वापरलेले शब्द. आमच्या खणांत ते सहाशेच्या वर होते. 'फ्लीस' म्हणजे मेंढीसारखं कातरणं. 'हूडविंक' म्हणजे डोळ्यांवर टोपी ओढणं. 'थिम्बलरिग' म्हणजे शिंप्याच्या तीन अंगुस्तानांखाली वाटाणा फिरवून जत्रेतल्या माणसाला वेड्यात काढणं. पहिल्या राणी एलिझाबेथच्या काळातले लंडनचे ठक फसणाऱ्या माणसाला ससा म्हणायचे आणि स्वतःला ससे पकडणारे.

मी मुळात रसायनशास्त्राची. हडर्सफील्डच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, सात वर्षं काढली. तिथल्या वाफांनी छाती धरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, एखादं कोरडं काम बघा. कोशापेक्षा कोरडं काम मला सापडलं नाही.

कोशाचा नियम साधा होता. शब्द कुठेतरी छापलेला दाखवता आला तरच तो घ्यायचा. पुस्तक, वर्ष, पान आणि ते वाक्य जसंच्या तसं. हे सगळं अर्ध्या पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीवर उतरवून देशभरातले वाचक आम्हाला पाठवायचे, हौसेने, फुकट. त्यांत पाद्री होते, निवृत्त मेजर होते, एक दीपगृहाचा रखवालदार होता. आलेली प्रत्येक चिठ्ठी आम्ही मूळ पुस्तकाशी ताडून बघायचो.

याला एकच अपवाद होता. ज्या वाचकाच्या सलग पाचशे चिठ्ठ्यांत स्वल्पविरामाचीही चूक सापडली नाही, त्याच्या पुढच्या चिठ्ठ्यांचा उजवीकडचा वरचा कोपरा आल्या आल्या कात्रीने कापला जायचा. कोपरा कापलेला म्हणजे तपासायची गरज नाही. ही रीत आमच्या मुख्य संपादकांची, लायनेल ऑर्मरॉड यांची. चाळीस वर्षांत असे तीनच वाचक निघाले. दोघे वारले होते. तिसरे फायली या समुद्रकाठच्या गावातले ॲम्ब्रोज टिलॉट्सन, लॅटिनचे निवृत्त मास्तर. त्यांच्या अकरा हजार चिठ्ठ्या आमच्याकडे होत्या. गेली चार वर्षं ती कात्री माझ्या टेबलावर होती.

एकोणीसशे बासष्टच्या मार्चमध्ये मी एक आलेख काढला. कोणी सांगितलं नव्हतं, जुनी सवय. फसवणुकीचे शब्द कुठल्या दशकात पहिल्यांदा छापले गेले त्याचे ठिपके मांडले आणि रेघ ओढली. शेजारच्या टेबलावर बसणारा पर्सी क्लेग वाकून बघायला लागला.

"काय हो मिस गारसाइड, ठकांना ताप भरलाय वाटतं?"

रेघ खरोखर रुग्णालयातल्या पलंगाला लटकवतात त्या तक्त्यासारखी दिसत होती. सतराशे नव्वदच्या आसपास ती एकदम चढली होती.

"त्या दशकात एवढे नवे शब्द का यावेत?" मी विचारलं.

"लोक जास्त लबाड झाले असतील. किंवा जास्त भोळे. दोन्हीला शब्द लागतात." तो आपल्या जागेवर जाऊन बसला. "तुम्ही ना, स्वर्गात गेलात तरी दाराचं माप घ्याल."

मी टिलॉट्सनच्या चिठ्ठ्या बाजूला काढून आलेख पुन्हा मांडला. चढ नाहीसा झाला.

एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. त्यांनी त्या काळातली पुस्तकं जास्त वाचली असतील. पण चढातले अकरा शब्द असे होते की त्यांना टिलॉट्सनखेरीज कोणाचाच आधार नव्हता. त्या अकरांची अवतरणं खटल्यांच्या जुन्या पुस्तिकांतली होती, आणि त्या सगळ्या पुस्तिका हल शहरातल्या एकाच खासगी वाचनालयातल्या. ते वाचनालय एकेचाळीसच्या बाँबफेकीत जळून गेलं होतं. चिठ्ठ्यांच्या तळाशी वाचल्याचं वर्ष होतं, एकोणीसशे सदतीस. चिठ्ठ्या आमच्याकडे आल्या होत्या गेल्या चार वर्षांत. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, जुनी खोकी आवरताना सापडल्या.

मी सदतीस साली आलेल्या त्यांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहिल्या. अक्षर तेच, बारीक आणि उजवीकडे झुकलेलं. त्या चिठ्ठ्या चहाच्या डागासारख्या पिवळ्या पडल्या होत्या. या अकरा पांढऱ्या होत्या. बंद खोक्यात राहिलेला कागद कमी पिवळा पडतो हे मला ठाऊक होतं. म्हणून मी मनाला गप्प केलं. दोन दिवस ते गप्प राहिलं.

तिसऱ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत हडर्सफील्डची बस पकडली.

"तू गेल्यापासून इथे कोणी कप विसळत नाही," हेडली ब्रूक म्हणाला. कारखान्याच्या प्रयोगशाळेत आम्ही एकाच टेबलावर काम केलेलं. "काय आणलंयस? परत यायचा अर्ज?"

"तुझा अतिनील दिवा हवाय. दहा मिनिटं."

आम्ही मालखोलीचे पडदे ओढले. धुण्याच्या पावडरीत आणि कागदाच्या लगद्यात एक पदार्थ घालतात, त्याने पांढरं आणखी पांढरं दिसतं. त्या दिव्याखाली तो निळा चमकतो. तो बनवायच्या खोलीत मी दोन वर्षं काढली होती. युद्धाआधी कुठल्याही कागदात तो नसायचा, हे मला कोणाला विचारावं लागलं नाही.

मी चाळीस चिठ्ठ्या पसरल्या. खऱ्या जुन्या चिठ्ठ्या मातकट आणि मेलेल्या राहिल्या. अकरा चिठ्ठ्या दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यांसारख्या उजळल्या. प्रत्येकीचा एक कोपरा कापलेला होता. तो मी कापला होता.

"कोणाचं गं हे?" हेडलीने विचारलं.

"एका प्रामाणिक माणसाचं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑर्मरॉड साहेबांच्या खोलीत गेले आणि चिठ्ठ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी अकराच्या अकरा वाचल्या. एकीवर ते थांबले. ती 'हॅस्कन' या शब्दाची होती. अर्थ दिला होता, सेवा करता करता फसवणं. खाली अवतरण: 'तिने त्या म्हाताऱ्या जमीनदाराला असं काही हॅस्कन केलं, की स्वतःच्या नाशाबद्दल त्याने तिचेच आभार मानले.'

"वाक्य सुरेख आहे," ते म्हणाले.

"हो."

"छापून किती गेलेत?"

"चार, पहिल्या खंडात. हॅस्कन आता जुळवून तयार आहे. बाकीचे सहा पुढे आहेत."

"आणि त्यांच्या उरलेल्या अकरा हजार चिठ्ठ्या?"

"सगळ्या तपासाव्या लागतील."

"मिस गारसाइड, त्याला नऊ वर्षं लागतील. मला डॉक्टरांनी तीन दिलीयत." ते खिडकीकडे बघत राहिले. खाली कोणीतरी पोती ढकलत होतं. "इंग्रजीत माणसाला गंडवायला सहाशे शब्द आहेत. सहाशे अकरा झाले तर रडणार कोण?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही माझ्या आवाजाचं आश्चर्य वाटलं होतं.

"ठीक आहे. पान छपाईला जायला पंधरा दिवस आहेत. फायलीला जा. टिलॉट्सनना तोंडावर विचारा. पुस्तिका होती आणि मी वाचली, असं ते म्हणाले तर शब्द राहील. तुमच्या निळ्या दिव्यापेक्षा मला तो माणूस मोठा आहे. तीस वर्षं ओळखतो मी त्याला."

"भेटलायत तुम्ही त्यांना?"

"नाही," ऑर्मरॉड म्हणाले. "गरज पडली नाही."

फायलीला दोन गाड्या बदलून जावं लागतं. टिलॉट्सनचं घर उतारावर होतं, समुद्राकडे पाठ करून. दार एका सत्तरीच्या बाईंनी उघडलं. उंच, ताठ, पुढे एप्रन. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा डाग होता. पहिली नजर तिथेच गेली, आणि ती गेलेली त्यांनी पाहिली.

"मी डॉर्कस. त्याची बहीण. पत्र पाठवलं असतंत तर पार्किन ताजं केलं असतं. आता परवाचं खावं लागेल."

"परवाचंच चांगलं लागतं," मी म्हटलं. ते खरंच आहे, तो केक मुरावा लागतो.

"बसा. तुम्ही कोशातल्या ना? चेहऱ्यावरूनच कळतं. ऊन लागलेलं दिसत नाही."

टिलॉट्सन मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. नीट दाढी केलेली, टाय बांधलेला. मांडीवर आमच्या कार्यालयाचं तपकिरी पाकीट होतं. ते त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

"टपाल आलंय," त्यांनी मला सांगितलं. मग जरा वाकून, मायेने, "तू कुठल्या वर्गात गं?"

मी गोंधळून त्यांच्या बहिणीकडे पाहिलं.

"सहावीत म्हणा," त्या म्हणाल्या. "सहावीतल्यांना तो काही विचारत नाही."

"सहावीत, सर."

"छान," ते म्हणाले आणि पुन्हा पाकिटाकडे वळले.

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मी बॅगेतून चिठ्ठ्या काढल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. कसं विचारायचं याची गाडीत तयारी केली होती. ती वापरावी लागली नाही.

"कशावरून ओळखलंत?" मिस टिलॉट्सननी विचारलं. "वाक्यांवरून?"

"कागदावरून. फार पांढरा आहे."

त्या हसल्या. मनापासून, तोंडावर हात न ठेवता. "अगं बाई! युद्धानंतर पिवळा मिळायचाच बंद झाला. मी चहात बुडवूनही पाहिला. शाई फुटली." त्यांनी माझ्या कपात चहा ओतला. "मला वाटलं होतं वाक्यांत काहीतरी चुकलं."

"वाक्यांत काही चुकलं नव्हतं. पण मिस टिलॉट्सन, त्यांचं अक्षर तुम्ही इतकं हुबेहूब..."

"त्याचं अक्षर?" त्यांनी किटली खाली ठेवली. "त्याचं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं होतं. डोळे अधू, चिठ्ठ्या सुरुवातीपासून मीच लिहायचे. मग वाचायचेही मीच, मोठ्याने. तो नुसता म्हणायचा, हे घे, ते सोड. शेवटी शेवटी तेही म्हणायचा नाही, मला कळायचं काय घ्यायचं ते. कोपऱ्याचं ऑर्मरॉड साहेबांनी पत्रात कळवलं होतं. तुम्ही लोक ज्या हाताच्या चिठ्ठ्यांचा कोपरा कापता ना, तो हात हा."

त्यांनी तो टेबलावर ठेवला. मी त्यावरची शाई बघत राहिले.

"आजारी कधीपासून आहेत?"

"आजारी नाही. विसरलाय. एक्कावन्नपासून. आधी लॅटिन गेलं, मग रस्ते, मग मी." त्या सरळ सांगत होत्या, भाजीचा भाव सांगावा तशा. "दर महिन्याला तुमचं पाकीट येतं. शब्दांची यादी आणि खाली ऑर्मरॉड साहेबांच्या हातच्या दोन ओळी. ते आलं की हा आठवडाभर शांत. उशीर झाला तर दारात जाऊन उभा राहतो, जानेवारीत, अनवाणी. त्याच्या वह्यांत जुनं उतरवलेलं होतं, ते मी सहा वर्षं पुरवून पुरवून पाठवलं. मग वह्या संपल्या."

"तुम्ही कळवायचं होतं. आम्ही पाकिटं पाठवतच राहिलो असतो."

"किती महिने?"

मी विचार केला. "तीन," मी म्हटलं. "फार तर चार."

"बघा, खरं बोलता तुम्ही."

बाहेरच्या खोलीत मास्तर काहीतरी पुटपुटले. त्या उठून बघून आल्या आणि परत बसल्या.

"दुसरं पुस्तक वाचून खरे शब्द पाठवता आले असते," मी म्हटलं.

"त्याला एकटं सोडून वाचनालयात कधी जाऊ? घरातली पुस्तकं तर केव्हाच पिळून झाली होती." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि खोटं कशाला बोलू, मला मजा आली. तीस वर्षं दुसऱ्यांचं उतरवलं. पहिला शब्द केला तेव्हा रात्रभर झोप नाही. वाटलं, सकाळी पोलीस येतील. महिन्याने तुमचं पत्र आलं. 'नेहमीप्रमाणेच अमूल्य.' अमूल्य! आणि वर नाव त्याचं. तुमच्या पहिल्या खंडात आभाराची यादी आहे, त्यातही त्याचंच. माझं कुठे आहे?"

यादी मीच जुळवली होती.

"हे शब्द काढावे लागतील," मी म्हटलं.

"काढा. पहिल्या खंडातले?"

"ते गेले. शुद्धिपत्रात घालू. कोणी वाचत नाही शुद्धिपत्र."

"दहा काढा." त्यांनी एक चिठ्ठी बोटाने माझ्याकडून स्वतःकडे ओढली. "हॅस्कन राहू द्या."

"मिस टिलॉट्सन..."

"ऐकून तर घ्या. हा मी त्याला वाचून दाखवला होता. उगाच, कोणाला तरी दाखवावंसं वाटतं ना. तो हसला. म्हणाला, 'हे छान आहे, डॉर्कस. हे आपल्याला कुठे सापडलं?'" त्या चिठ्ठीकडे बघत होत्या. "डॉर्कस म्हणाला. त्याआधी दोन वर्षं मी 'बाई' होते. त्यानंतरही बाईच आहे. एकदाच. मला तो छापलेला त्याच्यापुढे धरायचाय. एवढंच. नंतर तुमच्या शुद्धिपत्रात टाका हवं तर."

आतापर्यंत सहाशे शब्दांपैकी कुठलाही मी कोणावर चालवला नव्हता, कोणाला फसवायची वेळच आली नव्हती. मी चिठ्ठ्या गोळा केल्या. ती एक त्यांच्या बोटाखाली होती, ती त्यांनी सोडेपर्यंत मी थांबले.

"नाही जमणार," मी म्हटलं.

"तर मग राहील असं नुसतं म्हणायचं होतंत. मी आनंदात राहिले असते. खंड निघेपर्यंत कोण कुठे असेल!"

"मला तसं बोलता येत नाही."

"येईल," त्या म्हणाल्या आणि मला डब्यात पार्किन बांधून दिलं.

ऑर्मरॉड साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे त्या पाचशे चिठ्ठ्यांची परीक्षा तिने दिली होती."

"हो."

"आणि मी पास केलं त्याला." त्यांनी हॅस्कनच्या पानावर निळ्या पेन्सिलीने काट मारली. रेघ वाकडी गेली. "पाकिटं चालू ठेवा. त्याच्याच नावाने."

"आणि आभाराची यादी? मिस टिलॉट्सनचं नाव..."

"काय म्हणून घालायचं? अकरा हजार खरे शब्द दिले म्हणून, का अकरा खोटे? त्याचं काढलं तर का काढलं ते सांगावं लागेल. राहू दे यादी आहे तशी." ते थकलेले दिसत होते. "आणि ती कात्री मला आणून द्या."

मी दिली. त्या आठवड्यापासून टिलॉट्सनच्या चिठ्ठ्या मी पहिलीपासून तपासायला घेतल्या. पहिल्या दोनशेंत एकही चूक निघाली नाही. प्रत्येक वेळी पुस्तक उघडून वाक्य तंतोतंत सापडलं की मला बरं वाटायला हवं होतं. वाटायचं नाही. पर्सीने दोन-तीनदा विचारलं, काय शोधताय. मग विचारायचं सोडलं.

छापखाना नदीकाठी होता. तिथले मुख्य जुळारी सेथ होलरॉइड वयाने माझ्या वडिलांएवढे. शिशाच्या खिळ्यांत बोटं काळी झालेली.

"एवढ्यासाठी आलीस होय पोरी?" त्यांनी पान पाहून विचारलं. "नऊ ओळी उचलायच्या. फोन केला असता तरी चाललं असतं."

"रिकाम्या जागेचं काय कराल?"

"पुढच्या शब्दाचं एक अवतरण जागा नाही म्हणून गाळलं होतंत ना, ते बसवतो. कोणाला पत्ताही लागणार नाही."

त्यांनी चिमटा हातात घेतला. मी पान उलटं वाचायला शिकले होते. शिशात तो शब्द चमकत होता, स्वच्छ, शेजारच्या सगळ्या शब्दांसारखाच.

"होलरॉइड काका," मी म्हटलं, "ओळी काढायच्या आधी एक प्रत काढून द्याल? चांगल्या कागदावर?"

"चुकीच्या पानाची? कोणासाठी?"

"एका वाचकासाठी."

"चुकीचं पान वाचकाला!" त्यांनी चिमटा ठेवला. "बरं चाललंय तुम्हा लोकांचं. पैसे लावले पाहिजेत याचे." पण शाई लावली, कागद ठेवला आणि दांडा ओढला. प्रत सुरेख आली. मी ती वाळेपर्यंत उभी राहिले. मग त्यांनी माझ्यासमोर नऊ ओळी उचलल्या आणि वितळवायच्या डब्यात टाकल्या.

मेच्या अखेरीस मी पुन्हा फायलीला गेले. या वेळी पत्र पाठवलं होतं. मिस टिलॉट्सनच्या अंगावर एप्रन नव्हता. मास्तर त्याच खुर्चीत, मांडीवर त्या महिन्याचं पाकीट.

मी पुठ्ठ्यातून पान काढलं आणि म्हटलं, "हे छापलेलं पान आहे."

ते वाक्य मी गाडीत निवडलं होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

मिस टिलॉट्सननी पान दोन्ही हातांनी धरलं आणि उजेडाकडे नेलं. त्यांचे डोळे शब्दावर पोचले तिथे थांबले. ओठ हलले नाहीत. पूर्ण नऊ ओळी त्यांनी वाचल्या असाव्यात, तेवढा वेळ गेला. मग त्यांनी पान उलटलं.

मागची बाजू कोरी होती.

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कोशाचं पान दोन्ही बाजूंनी छापलेलं असतं. आयुष्यभर पुस्तकं हाताळलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. त्या कोऱ्या बाजूवरून त्यांनी अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत. त्यांच्या भावासारखाच.

"कागद चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पांढरा."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, पान चुलीत जाणार. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. त्या परत आल्या तेव्हा हातात कात्री होती. त्यांनी माझ्याकडे बघत पानाचा उजवीकडचा वरचा कोपरा कापला. तुकडा गालिच्यावर पडला. तो त्यांनी उचलला नाही, मीही नाही. त्या नजरेत माझ्यासाठी काय होतं ते मला आजही कळलेलं नाही.

"ॲम्ब्रोज, टपाल," त्या म्हणाल्या आणि पान भावाच्या हातात दिलं.

मास्तरांनी ते डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ अक्षरांवरून बोट फिरत राहिलं आणि बरोबर त्या शब्दापाशी थांबलं. चेहरा हलला. मिस टिलॉट्सन खुर्चीच्या शेजारी उभ्या होत्या, हनुवटी वर, हात एकमेकांत घट्ट.

"हे छान आहे," मास्तर म्हणाले. मान वर केली. "बाई, हे कुठे सापडलं?"

मिस टिलॉट्सनच्या हातांची पकड सुटली.

"हलमध्ये, ॲम्ब्रोज," त्या म्हणाल्या. "जळायच्या आधी."

मास्तरांनी मान डोलावली. पण समाधान झालेलं दिसत नव्हतं. ते जुने वाचक होते. ते माझ्याकडे वळले आणि वर्गात विचारावं तसं, भुवई उचलून त्यांनी विचारलं:

"मूळ पुस्तकाशी ताडून पाहिलंयस?"

मिस टिलॉट्सनही माझ्याकडे बघत होत्या.

"हो सर," मी म्हटलं. "पाहिलंय."